शॉकअप कडक करून द्या

हुबळीच्या दाजीबानपेठेत, तुळजाभवानीच्या देवळाच्या आसपास राहणाऱ्या एखाद्याकडे छोटी ट्रेल बाइक असेल, तर तिला दोन अगदी वेगळ्या जमिनींवर चालावं लागतं. पूर्वेला अण्णिगेरी-नवलगुंदकडची काळी सपाट रानं आहेत. उन्हाळ्यात ती भेगाळतात आणि पावसाची एक सर आली की मडगार्ड भरेपर्यंत चाकाला चिकटतात. पश्चिमेला कलघटगीवरून यल्लापूरकडे किंवा धारवाडवरून हल्याळ-दांडेलीकडे निघालं की माती तांबडी होते, जांभ्याचे दगड लागतात, सागाच्या रानातली उघडी मुळं आणि ओढ्यांचे घसरडे उतार सुरू होतात. हुबळी या दोन मुलखांच्या सांध्यावर बसली आहे. शिवाय आठवड्याचे उरलेले दिवस हीच गाडी दुर्गदबैलच्या गर्दीतून, गटाराच्या झाकणांवरून आणि रात्रीत उगवलेल्या स्पीडब्रेकरवरून जाते.

त्यामुळे गॅरेजमध्ये एक मागणी हमखास येते : “मामा, पुढचा शॉकअप कडक करून द्या.”

चांगला मिस्त्री यावर लगेच पाना उचलत नाही. तो विचारतो, “खाली लागतोय, की नुसता हादरतोय? आणि तुझं वजन किती रे?” माझ्या मते या प्रकरणातलं निम्मं ज्ञान या दोन प्रश्नांत आहे. फोर्क ‘कडक’ करण्याच्या निदान चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत : स्प्रिंग बदलणं, स्प्रिंग आधीच दाबून बसवणं (प्रीलोड), तेल घट्ट करणं आणि तेलाची पातळी वाढवणं. चारही गोष्टींनी हाताला फोर्क कडक लागतो. रस्त्यावर मात्र चौघींचे परिणाम वेगळे असतात, कधी कधी एकमेकांच्या उलटही.

आधी फोर्कच्या पोटात काय असतं ते पाहू. हँडलच्या खाली जो ‘टी’ असतो, त्यात दोन चकचकीत नळ्या पकडलेल्या असतात. त्या चाकाला धरणाऱ्या दोन जाड नळ्यांत, म्हणजे बॉटम केसमध्ये, आत-बाहेर सरकतात. प्रत्येक पायात एक लांब स्प्रिंग, काही तेल आणि वर थोडी कोंडलेली हवा. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची कल्पना जुनी आहे; इंग्लंडच्या स्कॉट गाड्यांवर ती १९०८ च्या सुमारास होती. पण नुसत्या स्प्रिंगवरची गाडी खड्ड्यानंतर नाचत राहते. ते नाचणं तेलाने आवरणारा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर १२ या गाडीवर आणला आणि रोजच्या वापरातल्या मोटरसायकलींचा पुढचा भाग त्यानंतर हळूहळू तसाच होत गेला. आपल्याकडे शॉकअप बनवणारे काही मोठे कारखाने मराठी मुलखात आहेत : एन्ड्युरन्स वाळूजला, गॅब्रिएल नाशिक आणि चाकणला. तुमच्या गाडीचा फोर्क कदाचित दाजीबानपेठेपेक्षा महाराष्ट्रात जास्त फिरून आलेला असेल.

छोट्या ट्रेल बाइकचा आपल्याकडचा इतिहास मात्र तुटक आहे. हिरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली. ब्राझीलमधल्या होंडा ब्रॉसवर बेतलेली ही दीडशे सीसीची गाडी. पुढच्या चाकाला १८० मिलिमीटर हालचाल होती, ताकद जेमतेम, गिऱ्हाईक थोडं. काही वर्षांत ती बंद पडली. २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली. ३७ मिमीच्या नळ्या, पुढे १९० मिमी हालचाल, मागे १७०. या गाडीने मध्यमवर्गीय पोराला रानात जाण्याची सोय परवडणाऱ्या पैशांत करून दिली, आणि त्याबरोबर फोर्कशी खेळ करण्याची हौसही लावली.

खेळ सुरू करण्यापूर्वी मोजमाप. हे सांगितलं की लोक कंटाळतात, पण एक स्टीलची पट्टी आणि प्लॅस्टिकची केबल टाय एवढ्यावर हे काम होतं. पुढचं चाक जमिनीवरून उचलून, फोर्क पूर्ण सुटल्यावर, चकचकीत नळीची उघडी लांबी मोजायची. मग गाडी खाली ठेवून, नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट-बूट घालून, मित्राला तोल धरायला सांगून बसायचं आणि पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग, तुमच्या वजनाने फोर्क किती बसला ते. रानात चालवायच्या गाडीत तो एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका असावा. १९० मिमीच्या फोर्कला साठेक मिमी. चाकाला फक्त वर जाता आलं तर दगड झेलला जाईल, पण खड्डा आला की चाक हवेत लोंबकळेल. खाली जायलाही जागा लागते, म्हणून हा सॅग.

मोजताना एक बारकावा. एकदा हँडल दाबून हळूच सोडून मोजा, एकदा हँडल उचलून हळूच सोडून मोजा. दोन्ही आकडे सारखे येणार नाहीत. मधला फरक घर्षणाचा. तो पंधरा-वीस मिलिमीटरच्या पुढे गेला तर स्प्रिंगचा, तेलाचा विचार नंतर. आधी दोन पाय एकमेकांना समांतर आहेत का बघा. गाडी एकदा आडवी पडली की ‘टी’मध्ये नळ्या किंचित पिळतात, किंवा एक्सल आवळताना एक पाय आत ओढला जातो. टीचे बोल्ट आणि एक्सल ढिले करून, फोर्क चार वेळा दाबून सोडून, खालून वर पुन्हा आवळत गेलं तर कधी कधी ‘कडक’ फोर्क तिथेच मऊ होतो. पैसे शून्य.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. फोर्कच्या टोपणाखाली वॉशर किंवा पाइपचा तुकडा घातला की स्प्रिंग कडक होते, असं जवळजवळ सगळे मानतात. तसं होत नाही. गणित करून बघा. समजा, दोन्ही स्प्रिंगा मिळून एक मिलिमीटर दाबायला ०.९ किलो लागतात, फोर्कवर ९० किलो भार येतो आणि स्प्रिंगा बसवतानाच ३० मिमी दाबलेल्या आहेत. त्या दाबलेल्या स्प्रिंगांनीच २७ किलो पेलले. उरलेले ६३ किलो पेलायला फोर्क ७० मिमी बसेल. आता १० मिमीचा तुकडा वाढवा. आधीच ३६ किलो पेलले जातात, उरले ५४, म्हणजे फोर्क ६० मिमी बसेल. गाडीचं नाक एक सेंटिमीटर वर आलं. पण पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला अजूनही ०.९ किलोच लागणार. स्प्रिंग होती तेवढीच आहे, ती फक्त वेगळ्या उंचीवरून सुरू झाली. मोठ्या दगडावर खाली लागायचं ते थोड्याफार फरकाने लागतच राहतं, आणि वरची जागा गेल्यामुळे गाडी खड्ड्यातून बाहेर येताना टणकन ‘वर लागते’. हा वॉशर सॅग जुळवायला आहे, कडकपणासाठी नाही.

खरा कडकपणा तारेत असतो. स्प्रिंगचा जोर तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ४ मिमीच्या तारेऐवजी ४.२ मिमीची तार घेतली, वेटोळ्यांचा घेर आणि संख्या तीच ठेवली, तर स्प्रिंग जवळपास २२ टक्के कडक होते. दोन दशांश मिलिमीटर! व्हर्नियरशिवाय हा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून ‘दिसायला सेम’ स्प्रिंग बाजारातून आणणाऱ्यांची फसगत होते.

स्वस्तातला उपाय म्हणजे स्प्रिंग कापणं. यात तथ्य आहे, थट्टेवारी नेण्यासारखं काही नाही. काम करणारी वेटोळी कमी झाली की त्याच प्रमाणात स्प्रिंग कडक होते : ५० वेटोळ्यांतली ५ कापली तर सुमारे ११ टक्के. कापलेल्या लांबीइतका पाइप वर घालून उंची भरून काढतात. पण दोन अडचणी. बऱ्याच स्प्रिंगांची एका टोकाची वेटोळी दाट आणि दुसऱ्या टोकाची विरळ असतात. दाट टोक कापलं तर सुरुवातीचा मऊपणा तेवढा जातो, शेवटचा कडकपणा जवळपास तसाच राहतो. आणि स्प्रिंग पूर्ण दाबून वेटोळ्याला वेटोळं टेकण्याआधी फोर्कची हालचाल संपली पाहिजे. कापल्यावर उरलेल्या वेटोळ्यांच्या वाट्याला जास्त दाबणं येतं. ती टेकली की फोर्क म्हणजे दोन सळया, आणि तो धक्का सरळ ‘टी’त आणि मनगटात. ग्राइंडरने कापताना टोक फार तापवलं तर तिथलं पाणी दिलेलं पोलाद मऊ पडतं, ते वेगळंच. पन्नास-पंचावन्न किलोच्या हलक्या स्वाराने यातलं काहीही करू नये. कंपनीची स्प्रिंग बहुधा त्याच्यासाठी पुरेशी असते. त्याचं दुखणं पुढे येणाऱ्या तेलात असतं.

तेलाकडे वळू. छोट्या गाड्यांच्या बहुतेक फोर्कमध्ये तळाशी एक पोकळ दांडा उभा असतो, त्याला डॅम्पर रॉड म्हणतात. त्याला भोकं असतात आणि फोर्क दाबला-सुटला की तेल त्या भोकांतून ढकललं जातं. रचना स्वस्त, टिकाऊ, आणि एका बाबतीत हट्टी. ठरावीक आकाराच्या भोकातून तेल दुप्पट वेगाने ढकलायचं तर दाब चौपट लागतो, तिप्पट वेगाला नऊपट. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यातल्या कुठल्याही फोरमनला हे सांगावं लागणार नाही. त्याचा धंदाच या वर्गाच्या नियमाशी भांडण्याचा आहे. आता फोर्कमध्ये बघा. ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक खाली जातं तेव्हा फोर्क सावकाश सरकतो. जांभ्याच्या धारदार दगडावर चाक आदळतं तेव्हा तोच फोर्क दहापट वेगाने सरकायला बघतो आणि तेलाचा विरोध शंभरपट होऊ पाहतो. म्हणजे जिथे आधार हवा तिथे फोर्क पाण्यासारखा, आणि जिथे वाट द्यायला हवी तिथे भिंतीसारखा. एकाच गाडीबद्दल एक स्वार म्हणतो ‘फार मऊ आहे’ आणि दुसरा म्हणतो ‘फार आपटते’, ते दोघंही खरं बोलत असतात.

म्हणूनच ‘१० नंबरचं काढून २० नंबरचं घाला’ हा सल्ला ट्रेल बाइकला बहुतेक वेळा नडतो. ब्रेकला नाक कमी झुकतं, शहरात गाडी भारदस्त वाटते, आणि दांडेलीच्या रानात पहिल्याच खडकाळ चढावर मनगटं भरून येतात. फोर्क उलटा सावकाश सुटतो, तो पूर्ण वर यायच्या आत दुसरा दगड, मग तिसरा. प्रत्येक दगडाला हालचाल कमी कमी उरत जाते. इंजिनचं उरलेलं २०डब्ल्यू-४० ओतणाऱ्यांबद्दल काय बोलावं! ते तेल इंजिनच्या उष्णतेसाठी बनवलेलं असतं. फोर्कमधल्या घुसळणीसाठी ते बनवलेलं नसतं. बाटलीवरच्या नंबरावरही डोळे झाकून विसंबू नये. एका कंपनीचं १० आणि दुसरीचं १० सारखं घट्ट असेलच असं नाही. ४० अंश तापमानाला सेंटीस्टोक्समध्ये दिलेला आकडा खरा, तो बाटलीच्या माहितीपत्रकात सापडतो.

तेलाच्या घट्टपणापेक्षा त्याची पातळी जास्त गुणी आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. तेलाच्या वर कोंडलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच. फोर्क दाबला की हवेला जागा कमी पडते. ३७ मिमीच्या नळीचा छेद पावणेअकरा चौरस सेंटिमीटर भरतो. हवेची जागा निम्मी झाली की ढोबळ मानाने प्रत्येक पायात ११ किलोचा जादा जोर येतो. एक तृतीयांश उरली की २२, एक चतुर्थांश उरली की ३३. सुरुवातीला काही नाही, शेवटी भरपूर. म्हणून रोजच्या वापरात ठीक असलेला पण मोठ्या खड्ड्यात खाली लागणारा फोर्क असेल, तर आधी तेल प्रत्येक पायात १० मिमी वर चढवून बघावं. शहरातला मऊपणा तसाच राहतो, तळ मात्र लवकर लागत नाही. पातळी कंपनीच्या आकड्यापासून फार दूर नेऊ नये, नाहीतर हवेचा दाब शेवटी ऑइल सीललाच बाहेर ढकलतो.

हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. फोर्क ‘टी’त पकडलेला असतानाच वरचं टोपण आधी ढिलं करायचं, नंतर पाय हातात धरून ते सुटता सुटत नाही. टोपण शेवटच्या आट्याला आलं की तळहात घट्ट दाबून धरायचा, कारण खाली दाबलेली स्प्रिंग वाट बघत असते. मग नळी उलटी. पहिल्यांदा उघडलेल्या फोर्कातलं तेल राखाडी, चांदीची झाक असलेलं निघतं. ती झाक म्हणजे झिजलेल्या धातूची भुकटी. वासही तिखट, शिळ्या माशाच्या जवळ जाणारा. तळाचा ॲलन बोल्ट फिरवला की आतला डॅम्पर रॉडही बरोबर फिरत राहतो. त्यावर गॅरेजातला उपाय साधा : झाडूचा लाकडी दांडा टोकाला तासून वरून नळीत घालायचा, एकाने तो दाबून धरायचा, दुसऱ्याने बोल्ट हिसक्याने सोडायचा. नवा सील ठोकायला त्याच मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा. तेल ओतल्यावर, स्प्रिंग बाहेर ठेवून, नळी पूर्ण दाबून, हळूहळू वर-खाली करून आतली हवा काढायची. बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरायचा. मग तेलाच्या पृष्ठभागापासून नळीच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजायचं. जादा तेल सिरिंजने ओढून घेतलं की दोन्ही पाय मिलिमीटरपर्यंत सारखे करता येतात. ‘इतके मिली दोन्हीकडे’ असं ओतण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण तळाशी किती जुनं तेल चिकटून राहिलं हे कुणालाच दिसत नाही.

वर्गाच्या नियमातून सुटका हवी असेल तर भोकांची कामं एखाद्या हलणाऱ्या झडपेकडे द्यावी लागतात. महागड्या गाड्यांचे कार्ट्रिज फोर्क हेच करतात : पातळ पोलादी चकत्यांची गड्डी तेलाच्या दाबाने वाकते आणि वेग वाढला की वाट आपोआप रुंद होते. डॅम्पर रॉडच्या फोर्कसाठी कॅलिफोर्नियातल्या रेस टेक कंपनीने यावर एक जोडकाम काढलं, कार्ट्रिज इम्युलेटर. मुठीत मावणारी ही पितळेसारख्या रंगाची झडप डॅम्पर रॉडच्या डोक्यावर बसते आणि मुख्य स्प्रिंगच तिला दाबून धरते. रॉडची दाबाच्या बाजूची भोकं ८ मिमीच्या आसपास मोठी करायची, आणखी काही पाडायची, म्हणजे तिथे अडथळा उरत नाही. मग दाबताना अडवायचं की सोडायचं हे झडपेची छोटी स्प्रिंग ठरवते. हळू दाबाला ती मिटून आधार देते, जोराच्या दगडाला उघडते. सुटण्याचं नियंत्रण मात्र जुन्याच भोकांकडे राहतं, म्हणून ते अजूनही तेलाच्या घट्टपणाने जुळवावं लागतं. झडपेच्या जाडीइतका पाइपचा तुकडा कमी करायला विसरलं की प्रीलोड आपोआप वाढतो. रॉडला पाडलेली भोकं बुजवता येत नाहीत, तेव्हा एक जादा रॉड हाताशी ठेवून मगच ड्रिल लावावं. मला विचाराल तर सत्तर किलोच्या पुढच्या स्वारासाठी आपल्या वजनाची स्प्रिंग आणि अशी झडप, एवढ्यावर छोट्या गाडीचा फोर्क समाधानकारक होतो. बाकी बराचसा खर्च दिसण्यावर होतो.

दिसण्याचा सगळ्यात मोठा मोह लांब फोर्कचा. त्याला कारणही आहे. हिरोने २०२० मध्ये एक्सपल्ससाठी ३८,००० रुपयांचा रॅली किट काढला : पुढे २५० मिमी हालचालीचा, प्रीलोडपासून तेलाच्या विरोधापर्यंत (डॅम्पिंग) सगळं जुळवता येणारा फोर्क, मागे २२० मिमीचा शॉक. लोकांनी फोटोत फक्त पुढची उंची पाहिली. कंपनीने मात्र त्याबरोबर मागचा शॉक, लांब साइडस्टँड, हँडलचे रायझर, सपाट सीट आणि खडबडीत टायरही दिले होते, ते उगाच नाही. फक्त पुढचा फोर्क ६० मिमीने लांब केला तर जेमतेम १४०० मिमी चाकांतर असलेल्या या गाडीचा फोर्क दोन अंशांहून जास्त मागे कलंडतो. सरळ रस्त्यावर गाडी छान चालते, पण दाट झाडीत वळवायला जड होते, पुढच्या चाकावरचं वजन हलकं होतं, आणि ओल्या तांबड्या उतारावर पुढचं चाक आधी घसरतं. कल थोडासा नुसत्या टीत नळ्या सरकवूनही बदलतो : नळ्या टीच्या वर दहा-पंधरा मिमी काढल्या की नाक खाली येतं आणि वळणं चटकन घेता येतात. फोर्क पूर्ण दाबला गेल्यावर मडगार्ड किंवा टायर खालच्या टीला टेकत नाही एवढं आधी स्प्रिंगा काढून तपासावं.

२५० मिमीचा फोर्क रानात वाईट असतो असं नाही. उंच, वजनदार, वेगात चालवणाऱ्या स्वारासाठी तो भारी आहे. पण असाच फोर्क असलेल्या २०२३ च्या एक्सपल्स २०० प्रोची सीट ८९१ मिमीवर होती. साडेपाच फुटांच्या माणसाने चिखलाच्या ओढ्यात पाय टेकायचा कुठे? २०२५ च्या एक्सपल्स २१० मध्ये कंपनीने पुढे २१० मिमीच ठेवले, यात मला शहाणपण दिसतं.

पहिल्या रॅली किटबद्दल कंपनीनेच तो स्पर्धेसाठी असल्याचं सांगितलं होतं. रस्त्यावर चालवायला मंजूर असलेली रॅली आवृत्ती २०२२ मध्ये वेगळी आली. कायदा इथे आडवा येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील बनवणाऱ्याने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ते पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. नोंदणीत स्प्रिंगच्या तारेचा व्यास आणि तेलाची पातळी कुठे लिहिलेली नसते. व्हीलबेस मात्र लिहिलेला असतो, आणि फोर्क लांब करून मागे कलंडला की पहिल्यांदा बदलतो तोच.